खदानीवर बाई नाही

बेटेगावच्या पलीकडे डोंगर कापत आत गेलेली एक खदान आहे. तिथे नवसी सतरा वर्षं दगड फोडते. तिचा नवरा जिवल्या मशीनने कातळाला भोकं पाडतो. सुरुंग उडाला की धोंडे खाली येतात, आणि ते घणाने फोडून क्रशरच्या तोंडात जातील एवढे करायचे, हे बायांचं काम. अशा बारा बाया तिथे होत्या, पण मुकादम खंडेरावच्या रजिस्टरात एकीचंही नाव नव्हतं. जोडपं कामाला लागलं की नाव नवऱ्याचं चढायचं, बायको त्यातच धरलेली.

त्यापायी वर्षातून दोन-तीनदा एक ताप व्हायचा. तपासणीला सरकारी साहेब येणार असं कळलं की खंडेराव बायांना डोंगरावर पिटाळायचा. करवंदीच्या जाळीमागे गप्प बसायचं, गाडी गेली की खाली उतरायचं. नवसी पहिल्यांदा अशी वर गेली तेव्हा सपना तिच्या पोटात होती. आता सपना शाळेत वरच्या वर्गात गेली, तरी आईचं लपणं काही संपलं नव्हतं.

यंदा फेब्रुवारीत खंडेराव पुन्हा धावत आला. "चला, वर चला. गाडी फाट्यावर आलीय."

बाया घण टाकून उठल्या. नवसी उठली नाही. आठवड्यापूर्वी धोंडा घसरून तिच्या गुडघ्याला लागला होता आणि गुडघा अजून सुजलेलाच होता.

"मी नाय जात," ती म्हणाली.

"नवसी, आज डोकं खाऊ नको."

"पाय वाकत नाय माझा. मी काय चोरी केली हाय का, दर वेळी पळायला?"

जिवल्या लांबून हातानेच खुणावत होता, जा म्हणून. त्याच्याकडे तिने पाहिलंच नाही. गाडीचा आवाज जवळ आला तसं खंडेरावने तिच्या हातातला घण काढून घेतला आणि जिवल्याचा जेवणाचा डबा तिच्या मांडीवर ठेवला. "विचारलं तर सांग, नवऱ्याला भाकर द्यायला आले."

नवसी डबा धरून बसली. तळहातांना घट्टे, केसांत पांढरी भुकटी, आणि म्हणे भाकर द्यायला आले. तिला स्वतःचाच वैताग आला.

या वेळी गाडीतून साहेब नाही, मॅडम उतरल्या. सोबत ड्रायव्हर होता. मॅडमनी खदान फिरून पाहिली, सुरुंगाची दारू ठेवायची कोठी पाहिली, रजिस्टर चाळलं.

"बायका नाहीत कामाला?"

"नाही मॅडम. जड काम आहे, आपण बाई ठेवतच नाही," खंडेराव म्हणाला. त्याने चहा मागवला, बिस्किटं मागवली. तास दीड तास गेला. मग मॅडम इकडेतिकडे बघू लागल्या आणि त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "इथे बाथरूम कुठे आहे?"

खंडेरावचं तोंड उतरलं. बाथरूम नव्हतंच. पुरुष कुठेही आडोशाला जायचे, बायांचं कोणी विचारात घेतलं नव्हतं. "बोईसरला हॉटेल आहे, मॅडम," तो पुटपुटला. खड्ड्यांच्या रस्त्याने बोईसर तिथून अर्ध्या तासावर.

मॅडम त्याला सोडून सरळ नवसीकडे आल्या. "मावशी, तुम्ही कुठे जाता?"

नवसीने एकदा खंडेरावकडे पाहिलं. तो नको म्हणून मान हलवत होता. ती डबा बाजूला ठेवून उठली. "चला," म्हणाली.

सकाळी ज्या चढणीला नाही म्हटलं तीच चढण ती आता लंगडत चढत होती आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होती. जाळीच्या पलीकडे मॅडम गेल्या आणि थबकल्या. अकरा बाया ओळीने उन्हात बसल्या होत्या. एकीच्या हाताला चिंधी बांधलेली, कोणी पदराने वारा घेत होती.

"या कोण?"

कोणी बोलेना. नवसीची शेजारीण झुंबर तर पदर तोंडात धरून बसली होती. नवसीने एकेकीकडे पाहिलं, पण सगळ्यांच्या माना खालीच.

"खालचे दगड आमीच फोडतो," शेवटी तीच म्हणाली. "तुमी आल्या म्हणून आमाला वर बसवलाय. तुमाला जायचाय तर तिकडं पुढे जावा मॅडम, आडोसा हाय. ह्या बघणार नाय."

परत आल्यावर मॅडम तिथेच दगडावर बसल्या आणि त्यांनी बाराही जणींची नावं लिहून घेतली.

त्या गेल्यावर जे व्हायचं ते झालंच. नवसीला दहा दिवस कामावर घेतलं नाही. जिवल्या घरात धुसफुसत राहिला, "तुला गप बसता येत नाय." नवसीने भाकऱ्या एवढ्या जोरात थापल्या की शेजारी आवाज जावा.

महिन्याभराने मात्र मॅडमच्या ऑफिसातून खदानीला नोटीस आली. रजिस्टरात बारा नावं चढली. कामाच्या रकान्यात सगळ्यांपुढे 'मदतनीस' लिहिलं होतं, ते सपनाने वाचून दाखवलं तेव्हा नवसीने तिला ते पुन्हा वाचायला लावलं. हेल्मेटं आली, पुरुषांच्या मापाची, वाकलं की डोळ्यांवर येणारी. पत्र्याचं बाथरूमही उभं राहिलं. त्याला खंडेरावने कुलूप घातलं आणि आत ऑइलचे डबे ठेवले.

"चावी द्या," नवसीने तीन दिवस मागितली. तीन दिवस तो उद्या म्हणाला. चौथ्या दिवशी तिने घण उचलला आणि दोन घावांत कुलूप तोडलं. डबे एकेक करून बाहेर ठेवले. खंडेराव लांबून बघत राहिला. आता नाव रजिस्टरात असलेल्या बाईला लगेच हाकलावं की नाही, हे त्याला ठरवता येईना.

तेव्हापासून नवसीच्या मागे नवीनच कटकट लागली. काहीही झालं की बाया तिच्याकडे येतात. परवा झुंबर आली. क्रशरवर पाणी मारत नाहीत, भुकटीने खोकला थांबत नाही, म्हणाली. "तू जाऊन बोल ना मुकादमाशी."

"तुला तोंड नाय काय?"

"तुझा ऐकतो तो."

"माझा कोण ऐकतो? माझा नवरा नाय ऐकत." नवसीने घण आपटला. "दर वेळी मीच का? उठ. तू बोलायचा. मी नुसती बाजूला उभी राहीन."

झुंबर उठली. नवसी करवादतच तिच्या मागे निघाली.