परवाना

नव्वदच्या दशकात सानपाड्याला आमच्या समोर राहणारे काका जिन्यातूनच "मीच आहे गं!" अशी हाक देत, काकू दचकू नयेत म्हणून. आफ्रिकेतलं दुकान विकून ते नुकतेच परतले होते.

"तिकडे दुकानावर दरोडा पडला, म्हणून पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला," एकदा ते हळूच म्हणाले. "परदेशी माणसाला सहज देत नाहीत. साहेबानं विचारलं, माणसावर गोळी झाडाल? मी म्हटलं, झाडीन. लगेच मंजूर!"

"मग पिस्तूल घेतलंत?"

"नाही. ही शेजारीच बसली होती. मी नुसतं परवान्यासाठी बोललो नव्हतो, हे तिनं ओळखलं. घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही. शेवटी मीच म्हटलं, चल, भारतात परत जाऊ."

काकू चहा घेऊन आल्या, तसा त्यांनी विषय बदलला.