तलवारीवर नाव

आमच्या इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या मराठी मंडळात डॉक्टर इतके आहेत की गणपतीच्या जेवणाच्या रांगेत कुणाला चक्कर आली, तर आधी नाडी कुणी बघायची यावरच वाद व्हावा. त्या रांगेत संजयकाका तांबट कायम शेवटी. नवं कुणी भेटलं आणि "तुम्ही काय करता?" म्हणालं, की काका सांगणार, "दाताच्या लाइनीत होतो." समोरचा लगेच डॉक्टरसाहेब, डॉक्टरसाहेब करायला लागायचा. मग काकांना बोलावंच लागायचं, "डॉक्टर नाही हो. डेंटल टेक्निशियन. डॉक्टर तोंडात बघायचा, मी मागच्या खोलीत बसून दात करायचो." ऐकणाऱ्याचा चेहरा जरासा उतरायचा. मला त्या उतरलेल्या चेहऱ्यांचा भयंकर राग यायचा. काकांना नाही.

छत्तीस वर्षं या माणसाने मेणात दात कोरले, धातूत ओतले, घासूनपुसून दिले. निम्मं गाव त्यांच्या दातांनी टोस्ट खातं, पण एकाही पेशंटला त्यांचं नाव ठाऊक नाही. मूळचे पुण्याच्या तांबट आळीतले. वडील नारायणराव, त्यांचे वडील, सगळ्यांनी जन्मभर तांब्यापितळेची भांडी ठोकली. भांडं विकलं गेलं की विषय संपला. काका इंग्लंडला निघाले तेव्हा वडिलांनी स्वतः घडवलेला एक तांब्या बरोबर दिला होता. तो अरुणाकाकूंच्या स्वयंपाकघरात खिडकीशी असतो.

रिटायर झाल्यावर एकदा काकूंना टॉयलेटला जायचं होतं, म्हणून ही जोडी नदीकाठच्या एका गावातल्या लहानशा म्युझियममध्ये शिरली. तिथे काचेत ती तलवार होती. हजारेक वर्षांपूर्वीची, जहाजांतून धाडी घालत आलेल्या व्हायकिंग लोकांची. नदीच्या गाळात रुतून राहिल्यामुळे जवळजवळ धड. मुठीच्या लोखंडात बारीक खाचा पाडून त्यांत चांदीच्या आणि तांब्याच्या तारा ठोकून बसवलेल्या. काकू परत आल्या, दुकान बघून आल्या, कॉफी पिऊन आल्या, तरी काका काचेपुढून हलले नव्हते.

"हा माणूस आपल्याच लाइनीतला आहे," ते म्हणाले.

"कोण माणूस?" काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं.

"ज्याने ही मूठ केली तो."

म्युझियमच्या दुकानात त्या तलवारीची एक नक्कल विकायला होती, कारखान्यातली, चकचकीत. काकांनी ती उचलली आणि लगेच खाली ठेवली. "ही तलवार नाही. पहार आहे," म्हणाले. खरी तलवार जेमतेम सव्वा किलोची.

पुढची दोन वर्षं काका बागेतल्या शेडमध्ये सापडायचे. पातं त्यांनी शेफील्डच्या एका लोहाराकडून घडवून आणलं, बाकी सगळं स्वतः केलं. दातांचं मेण, दातांच्या कोरण्या, दातांची तार. काकू म्हणायच्या, "या तलवारीला फक्त चावता येत नाही."

त्या म्युझियमभोवती हौशी व्हायकिंगांचा एक ग्रुप आहे. आठवडाभर प्लंबिंग नाहीतर अकाउंट्स करायचे आणि रविवारी लोकरीचे अंगरखे चढवून शिंगातून बिअर प्यायची, असा प्रकार. त्यांचा म्होरक्या कॉलिन बस चालवतो. त्याने काकांची तलवार हातात घेतली आणि मूठ लहान झाली म्हणून तक्रार केली, पंजा मावत नाही म्हणाला. काकांनी त्याची बोटं एकेक करून सरकवली. "तू हिला हातोड्यासारखी धरतोस. ती घट्टच बसायला हवी." कॉलिनने ती दोनदा फिरवली, मग पुन्हा दोनदा. दुसऱ्या दिवशी तो म्युझियमच्या हेदरकडे गेला. संग्रहाची जबाबदारी तिच्याकडे. काचेजवळ एक टेबल मांडायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला काकांची तलवार हातात घेऊ द्यायची, असं तिने ठरवलं.

आता माझी चूक.

हेदरची मेल आली त्या आठवड्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. म्हणून मेल मला फॉरवर्ड झाली. मी बेसिंगस्टोकच्या ऑफिसात, पाच मिनिटांत मीटिंग. घाईघाईत फोन केला. "काका, तलवारीवर नाव घालून द्या म्हणतायत. आणि वर्ष. म्हणजे उद्या कुणी ओरिजिनल म्हणून विकायला नको."

"नाव घालायचं ना? घालतो की," काका म्हणाले. मागून काकूंचा आवाज आला, "फोन बघायचा नाही आणि छिन्नी चालते होय?"

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी दोघांना गाडीतून घेऊन गेले. अकराला दार उघडायचं होतं. सगळे व्हायकिंग पोशाख करून हजर. हेदरने तलवार उचलली, मुठीखालची आडवी पट्टी उलटी करून बघितली आणि मला विचारलं, "कस्तुरी, हे काय लिहिलंय?"

ठिपक्याठिपक्यांची सुबक देवनागरी अक्षरं होती. मी वाचलं. आधी म्युझियमचं नाव आणि पुढे 'यांस सप्रेम भेट, सन २०२४'.

मी फोनवर मेल उघडली. मेलमध्ये 'बनवणाऱ्याचं नाव' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. तो एक शब्द मी गिळला होता.

हेदर अवघडून गेली. काम अप्रतिम आहे, पण बनवणाऱ्याचं नाव नसलेली नक्कल लोकांच्या हातात द्यायची नाही, हा कमिटीचा नियम आहे, म्हणाली. ही आतल्या कपाटात जाईल आणि टेबलावर दुकानातली, कारखान्याचा शिक्का असलेली ठेवावी लागेल.

"काका, चूक माझी आहे," मी म्हटलं.

"तुझी कशी? तू नाव घालायला सांगितलंस, मी घातलं. भांड्यावर घेणाऱ्याचं नाव असतं, नाहीतर देणाऱ्याचं. करणाऱ्याचं कुठे असतं?"

मला एकदम माझा स्टीलचा डबा आठवला. 'चि. कस्तुरी हिस मामांकडून.' वीस वर्षं मी ते नाव वाचतेय. तो डबा कुणी केला असेल, हे एकदाही मनात आलं नाही. उतरलेल्या चेहऱ्यांवर रागावणारी मी, मला स्वतःची लाज वाटली.

काका तलवार टॉवेलमध्ये गुंडाळायला लागले. "राहू दे कपाटात. काम झालं, बास."

"अहो, हत्यारं गाडीत आहेत," काकू म्हणाल्या.

"ती कशाला आणलीस?"

"तुम्ही जिथे जाल तिथे काहीतरी ठोकायचं राहिलेलं असतं म्हणून." मग त्यांचा आवाज चढला. "छत्तीस वर्षं बायका मला विचारायच्या, मिस्टर काय करतात? मी सांगायचे, दात करतात. दाखवा म्हणाल्या असत्या तर काय दाखवलं असतं मी? लोकांची तोंडं? आयुष्यात एक वस्तू टेबलावर येतेय, ती तुम्ही कपाटात घालणार?"

काकांनी टॉवेल सोडला. मी धावत जाऊन पिशवी आणली.

कॉलिनने तलवार उलटी, घट्ट धरली. पट्टीच्या दुसऱ्या बाजूला जागा होती. काकांनी छिन्नी टेकवली. दहाव्या वर्षापासून वडिलांच्या दुकानाबाहेर बसून त्यांनी हजारो लोकांची नावं घातली होती, गिऱ्हाईक चहा पिईपर्यंत. स्वतःच्या नावाशी मात्र हात थांबला.

"आधी 'श्री' लावू का?" त्यांनी काकूंना हळूच विचारलं.

"काही लावू नका. नाव घाला."

डझनभर दाढीवाले व्हायकिंग वाकून बघत होते आणि हातोडीचे बारीक ठोके पडत होते. 'संजय तांबट, २०२४.' हेदरने ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि तलवार टेबलावर ठेवली. अकरा वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं. सगळ्यात आधी एका आजीबाईंनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि तोंडभर हसल्या. "दात चांगले आहेत, पण माझे नाहीत," काका माझ्या कानात म्हणाले. त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत टेबलाशी उभे होते. कुणी विचारलं की सांगत होते, "मी केली." मी इतकी खूश होते की पार्किंगची वेळ टळून गेल्याचंही मला कळलं नाही.

घरी परतल्यावर काकूंनी चहा टाकला. काका कोट न काढताच खिडकीशी गेले, वडिलांचा तांब्या उचलला आणि पालथा करून उजेडात धरला.

"काय बघताय?" मी विचारलं.

"यावर नाव नाही," ते म्हणाले.

त्यांनी तांब्यात टॉवेल कोंबला, तो टेबलावर आडवा ठेवला आणि पिशवीतून छिन्नी काढली. काकूंनी गॅस बंद केला आणि न सांगता दोन्ही हातांनी तांब्या धरला. या वेळी काकांचा हात कुठेही अडला नाही. 'नारायण तांबट' एवढंच.

काकूंनी तांब्या घासला, धुतला, पाण्याने भरला आणि पहिला पेला मला दिला.