शेख बाईंच्या पर्समधले फ्यूज

दिव्याचं बटण दुरुस्त करायचं म्हटलं की शेख बाई आधी मेन स्विच बंद करत, चिनी मातीचा फ्यूज ओढून काढत आणि तो स्वतःच्या पर्समध्ये टाकून चेन लावत. मगच स्क्रूड्रायव्हर हातात. "नुसतं मेन बंद केलंय, यावर मी विसंबत नाही," त्या म्हणत. "घरातली माणसं फार प्रेमळ असतात. चहा करायला येतात, अंधार दिसला की मेन चालू करून मोकळी होतात."

कोथरूडच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई आमच्या वरच्या मजल्यावर एकट्याच राहायच्या. सोसायटीत कुणाचंही बटण चरचरलं की बाई हजर. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये घालून बघायच्या. "बिघडलेला टेस्टरही वीज नाही असंच सांगतो," हे मी शंभरदा ऐकलं असेल.

एकदा काम आटोपून त्या आमचा फ्यूज पर्समध्येच घेऊन गेल्या. आम्ही खूप हसलो. पुढे त्यांच्या पर्समध्ये तीन फ्यूज सापडले आणि ते कुणाचे, हे त्यांना सांगता येईना. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

मग एका दुपारी त्यांनी आमच्या बाथरूमबाहेरचं बटण मेन बंद न करता, फ्यूजही न काढता उघडलं. ठिणगी उडाली, बाई मागे फेकल्या गेल्या. थोडक्यात वाचल्या. "मी फ्यूज काढला होता ना?" त्या पुन्हापुन्हा विचारत राहिल्या. मी हो म्हटलं.

त्यानंतर सगळ्यांनी ठरवलं, बाईंना बोलवायचं नाही. जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "काय, बटणं शहाण्यासारखी वागतायत ना?" "एकदम ठीक, बाई." खोटं बोलणं मला फार लवकर जमलं.

स्वयंपाकघरातलं बटण तापायला लागलं, तेव्हा बाईंच्या दुपारच्या झोपेची वेळ साधून मी वायरमन बोलावला. दार उघडंच राहिलं होतं. मागे वळले तर बाई दारात, खांद्याला पर्स. त्यांनी उघड्या बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अहो, मी वरच होते की," एवढंच म्हणाल्या आणि कठडा धरून जिना चढू लागल्या.

पुढच्याच महिन्यात बाई झोपेत गेल्या. सुखाचं मरण आलं म्हणतात. मला ते ऐकवत नाही. त्या दुपारी बाई जिना चढत असतानाच वायरमन म्हणाला होता, "ताई, काही दिसत नाहीये, कुणीतरी बॅटरी धरा." ती मी धरली. बाईंना हाक मारून त्यांच्या हातात दिली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? त्या अजून जिन्यातच होत्या. मला सुचलंच नाही.