कारण लिहा, साहेब

आमच्या शिक्षणसंस्थेचे सर्व्हर सांभाळणारा हा उमरठचा गृहस्थ कुठल्याही मशीनला हात लावत नाही. महाडच्या कार्यालयात बसून कॉम्प्युटरवरच्या एका फाइलीत लिहितो आणि सगळ्या शाखांच्या मशीनांवर पहारा आपोआप बसतो. मशीन तापलं की थेट माझ्या मोबाइलवर मेसेज! पोलादपूरचं तर रोज तापायचं. शेवटी वैतागून मी तिथे जाऊन तो पहारा स्वतः बंद केला. अर्ध्या तासात पुन्हा मेसेज!

महाडला परतून त्याला विचारलं, "अहो, मी बंद केला होता ना?"

"मशीनवर केलात, सायेब. फाइलीत चालू हाय. मशीन फाइलीचंच ऐकतं."

"मग फाइलीत खोडा!"

प्रत्येक बदलापुढे नाव आणि कारण लिहायचंच, हा त्याचा नेम. अख्ख्या कार्यालयासमोर तो टाइप करता करता मोठ्याने वाचू लागला, "पोलादपूरचा पहारा बंद. सांगणारे, सायेब. कारण, सायबांना तरास होतो. मशीन जळून पोरांचे परीक्षेचे फॉर्म गेले तर विचारावं, सायबांना."

कारकून माना खाली घालून हसत होते.

"राहू द्या हो! तिथल्या मशीनच्या खोलीत एक पंखा लावा."

"पंखा फाइलीतून लागत नाय, सायेब. त्यासाठी पोलादपूरला जावं लागंल."

पंखा घेऊन मीच गेलो. करतो काय!