पाचवा उद्गार

गुड फ्रायडे, दुपारी बारा वाजता. छावणीतल्या आमच्या चर्चमध्ये तीन तासांची उपासना सुरू झाली. वधस्तंभावरील ख्रिस्ताच्या सात उद्गारांवर मंडळीतील सात जण बोलतात. यंदा पाचवा, 'मला तहान लागली आहे' हा उद्गार माझ्याकडे होता.

"सुभेदार, थोडक्यात. अन् परेड घेऊ नका आमची," पाळकसाहेब म्हणाले.

मी मंडळीला पुढील हकिकत सांगितली.

आमची चौकी उत्तर सीमेवर होती. सकाळी गस्त, दुपारी शस्त्रसफाई, संध्याकाळी रिपोर्ट. एका सकाळच्या गस्तीत नाईक ज्ञानोबाच्या पोटात गोळी लागली. तो पाचोडचा, मेंढपाळाच्या घरातला. पोटात गोळी लागलेल्याला पाणी पाजायचे नाही, असा नियम आहे. पाजले तर तो ऑपरेशनच्या टेबलावर दगावू शकतो.

मी रेडिओवर विचारले, "हेलिकॉप्टर कधी? ओव्हर."

"धुकं आहे. थांबा. पाणी देऊ नका. ओव्हर."

"रॉजर."

बाटली माझ्या हातात होती. ती ज्ञानोबाला दिसत होती.

"साहेब, लई नाय. घोटभर."

"नाही. ऑपरेशन व्हायचंय तुझं."

"मेंढरालाबी आमच्यात इतकं तरसवत नाय."

"तू मेंढरू नाहीस. गप पडून राहा."

तो हसला. पुढे बोलणे थांबले, फक्त ओठ हलत राहिले. मी फील्ड ड्रेसिंगच्या कापसाचा बोळा भिजवून ओठांना लावला. तो त्याने चोखला. धुके विरल्यावर हेलिकॉप्टर आले. ज्ञानोबा त्याआधीच गेला होता.

पार्थिव घेऊन मी पाचोडला गेलो. मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालणे हे त्या घरातले अखेरचे कर्तव्य. दहनानंतर त्याच्या आईने विचारले,

"पाणी मागितलं का त्यानं?"

"हो, मावशी."

"दिलंत?"

"नाही. ओठ ओले केले."

"तुमच्या हातानं?"

"हो."

ती उठली. मग आत जाऊन तांब्या घेऊन आली. "घ्या. सकाळपासून तुमीबी पेला नाहीत."

वधस्तंभावर पुत्र तहानलेला असताना स्वर्गातला पिता गप्प कसा राहिला, हे मला लहानपणापासून उमगत नव्हते. पित्याला दया नसावी, असे वाटे. आता वाटत नाही. मी ज्ञानोबाला वाचवण्यासाठी पाणी नाकारले आणि तो वाचला नाही. पित्याने आपल्या सर्वांना वाचवण्यासाठी स्वतःच्या पुत्राला नाकारले. नाकारणाऱ्या हाताचे वजन मला ठाऊक आहे. त्याहून अधिक मला सांगता येत नाही.

तीन वाजता उपासना संपली. मी पाचोडची बस धरली. मावशी आता नाहीत. वेशीवर ज्ञानोबाच्या स्मारकावरची धूळ पुसली. शेजारचा मेंढरांच्या पाण्याचा हौद कोरडा होता. हापशावरून बादल्या आणून तो भरला.