बशीर पेंटरचे दोन उजवे हात

गुरुवारी दुपारी मृणालचा फोन आला आणि शुक्रवारी सकाळी मी शिवाजीनगरला लोणावळ्याच्या लोकलमध्ये बसलेली होते.

मृणाल माझी जुनी मैत्रीण. जुनी, खराब झालेली चित्रं नीट करणं हा तिचा व्यवसाय. चित्रकार नाना केळवेकर यांच्या कामाचं प्रदर्शन पुढच्या महिन्यात पुण्यात भरतंय, त्याची चित्रं सध्या तिच्या हाताखालून जातायत. नाना आधुनिक वळणाचे. माणसाचा चेहरा रंगाच्या तीन-चार तुकड्यांत बसवून मोकळे होणारे. ओळखीच्या माणसाचं चित्र म्हणून त्यांनी एकच केलं, तेही दुसऱ्या कलाकाराचं. कामशेतला दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या बशीर तांबोळींचं. चित्र बशीरभाईंच्याच घरात आहे. नानांनी त्यात हात रंगवलेच नव्हते. पुढे बशीरभाईंनी ते स्वतः रंगवले, पाट्यांच्या इनॅमलने. आता आयोजकांना ते हात पुसून मूळ चित्र हवं होतं.

“शनिवारी मी कामशेतला जातेय,” मृणाल म्हणाली. “बशीर आजोबा एकदा हो म्हणतात, एकदा नाही. शनिवारी काय ते नक्की सांगणार. हातांसकट बघायचं असेल तर आत्ताच ये.”

दोन दिवस हाताशी होते. म्हटलं, आधी नाना राहायचे ते घर पाहू आणि परतीच्या वाटेवर कामशेत.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: लोकलचं तिकीट पंधरा रुपये. सकाळी गाड्या बऱ्या आहेत, दुपारी मात्र मोठी फट पडते, तेव्हा वेळापत्रक बघूनच निघा. डिसेंबरात भातं कापून झालेली असतात. वडगावच्या पुढे दोन्ही बाजूंना खाचरं कोरडी आणि पेंढ्यांच्या गंज्या. डबा जवळजवळ रिकामा होता.

नाना तुंगार्लीत एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचे. स्टेशनवरून रिक्षावाल्याने दीडशे सांगितले, शंभरावर तयार झाला. त्या खोल्या आता पाहुण्यांना भाड्याने देतात. नाश्ता धरून चौदाशे रुपये. पलंग नवा, फरशी जुनीच. खिडकीखालच्या फरशीवर निळ्या रंगाचे बारीक ठिपके आहेत, ते कोणी घासून घालवलेले नाहीत.

सगळं बघतात त्या पार्वतीमावशी नानांचाही स्वयंपाक करायच्या. संध्याकाळी त्यांनी वालाची उसळ आणि इंद्रायणीचा भात वाढला आणि समोर बसून नानांबद्दल सांगत राहिल्या. बशीर पेंटर कामशेतहून सायकलवर यायचे, घाट असला तरी. दोघं ओट्यावर बसायचे. पेंटर बोलायचे, नाना ऐकायचे.

“नाना बोलायचेच न्हाईत बघा,” मावशी म्हणाल्या. “आमटीत मीठ घालायला इसरले तरी गप जेवायचे. आवडलं का न्हाई, काय कळायचं न्हाई. वीस वर्सं जेवाय घातलं, एकदा चांगली झाली म्हनले न्हाईत.” मग जरा थांबून, “एकदा भाकरी दुसऱ्यांदा मागितली होती,” असंही त्यांनी सांगितलं. वार कोणता होता तोही त्यांना आठवत होता.

शनिवारी सकाळी थंडी चांगली होती. स्टेशनजवळ सत्तर रुपयांची मिसळ खाऊन लोकलने कामशेतला उतरले. वीस मिनिटं लागतात. बाजारात नव्या तांदळाचा वास भरून राहिला होता. पाच किलो घेतला आणि पिशवी सांभाळत बशीरभाईंचं घर विचारत निघाले. ‘पेंटरचं घर’ म्हटलं की पुरे. बाजाराच्या मागे, स्टेशनपासून पायी दहा मिनिटं.

दार उघडलं ते त्यांची सून रुखसाना हिने. ती आंबीला कारखान्यात पॅकिंगच्या कामावर असते, आज मुद्दाम सुट्टी घेतली होती. मृणाल आधीच पोचली होती. मी चप्पल काढत असतानाच रुखसानाने हळू आवाजात सांगितलं की टर्पेंटाइनची बाटली ती शेजारी ठेवून आलीय. काल अब्बा स्वतःच चित्रातले हात पुसायला बसले होते.

चित्र समोरच्याच भिंतीवर होतं. दोन-अडीच फूट उंच, वरून वर्षानुवर्षांच्या व्हार्निशने पिवळं पडलेलं. चेहरा म्हणजे मातकट, विटकरी आणि एक गडद हिरवा तुकडा. डोळे नाहीतच, फक्त भुवईची एक काळी तिरपी रेघ. तरीही हा माणूस एखादी ओळ सरळ आलीय का ते बारीक नजरेने बघतोय, हे लगेच कळतं. आणि खाली मांडीवर दोन हात, शिरांसकट, नखांसकट, अंगठीसकट, सिनेमाच्या बॅनरवर असतात तसे चकाकणारे. पहिल्यांदा मला हसू आलं, हे कबूल करते. मग नीट पाहिलं, तर अंगठे दोन्ही हातांचे एकाच बाजूला.

“दोन्ही उजवेच आहेत,” रुखसाना म्हणाली. “लग्न होऊन आले तेव्हाच मी विचारलं, अब्बा सगळं काम डाव्यानं करतात आणि चित्रात डावाच कसा गायब?”

खुर्चीत बसलेले बशीरभाई हसले. वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी अधू. “डावरा मानूस मी. बरस डाव्या हातात. मग समोर बघायला कुठला हात उरला? उजवाच की. एक बघून काढला, दुसराबी तोच बघून काढला.”

हात रंगवलेच का, ते त्यांनी सविस्तर सांगितलं. पाटीचं काम अर्धं ठेवून त्यांनी कधी गिऱ्हाइकाला दिलं नव्हतं. आणि इथे त्यांचंच चित्र, मनगटाखाली नुसता राखाडी रंग. येणारा जाणारा विचारायचा, पेंटर, हात कुठं गेले, मशीनमध्ये सापडले का? त्यांना वाटलं नाना विसरले. मग एका दुपारी त्यांनी बसून हात पुरे केले. पुढच्या आठवड्यात नाना आले. चित्रापुढे उभे राहिले, चहा प्याले, निघून गेले. एक अक्षर बोलले नाहीत. पुढेही नाही. नंतर नाना वारले.

“दुसऱ्याच्या पाटीवर बरस फिरवू नये, येवढं मला कळाय पायजे होतं,” बशीरभाई म्हणाले. “त्याला राग आला का न्हाई, तेवढं काय मला कळलं न्हाई. तीस वर्सं झाली. पुसा तुमी ते हात. त्याचं त्याला जाऊ द्या.”

 रुखसाना आत जाऊन चहा टाकू लागली, भांड्यांचा आवाज जरा जास्तच करत. मृणालने चित्र उतरवून टेबलावर ठेवलं.

कशाने काय निघतं ते ती आधी कोपऱ्यात थोडं पाहते. कापसाचा बारीक बोळा जिभेला लावून तिने हातांच्या खालची काजळी पुसायला घेतली. बशीरभाईंनी कान टवकारून काय करतेस विचारलं. थुंकी, ती म्हणाली, रंगाला सगळ्यात कमी त्रास तिचाच. ते खूश झाले. पाटीवर चुकलेली मात्रा पुसायला तेही हेच करायचे म्हणे.

चार-पाच बोळे काळे झाले आणि मृणाल थांबली. बॅटरी काढून तिने चित्रावर आडवी धरली. मग बशीरभाईंना विचारलं, “आजोबा, हातांखाली सावली कशी टाकली होतीत?”

“सावली? न्हाई बा.”

हातांच्या खाली, मांडीवर, हिरवट राखाडी रंगाचा एक पट्टा वर आला होता. इतकी वर्षं सगळे त्याला चुलीची काजळी समजत होते. मी मोबाइलवर फोटो काढून मोठा केला आणि बशीरभाईंच्या नाकासमोर धरला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. नंतर माझा हात धरून मोबाइल जरा लांब नेला, पुन्हा जवळ आणला.

“ही माझी न्हाई,” ते म्हणाले. “आमी पाटीवाले सावली टाकतो ती अक्षराच्या एका बाजूला, काळी, कडक. पट्टी लावल्यासारखी. ही बघा कशी इरत गेलीय. ही त्याची.”

मृणाल म्हणाली, हा पट्टा करंगळीच्या इनॅमलवर चढलाय. म्हणजे हात झाल्यानंतरचा आहे. कोणी केला हे ती प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय सांगणार नव्हती. रंग मात्र चेहऱ्यातल्या नानांच्या हिरव्या तुकड्याच्या जवळचा होता.

बशीरभाईंना प्रयोगशाळेची गरज नव्हती. एकदा शुक्रवारी ते मशिदीत गेले असताना नाना येऊन गेल्याचं बायकोने सांगितलं होतं. पिशवी घेऊन आले होते, चित्रापाशी बराच वेळ होते. पिशवीत काय होतं ते त्यांनी विचारलं नव्हतं.

“माझे हात वर तरंगत हुते,” ते म्हणाले. “त्यानं मांडीवर टेकवले.”

चहा आला, निवला. रुखसानाने दुसरा केला. मृणालने बाहेर जाऊन आयोजकांना फोन लावला आणि हात राहणार असं सांगितलं. पलीकडून बरेच प्रश्न आले असावेत, कारण तिचं ‘हो, मला माहितीय’ तीनदा ऐकू आलं. बशीरभाईंनी हातांसकट चित्र न्यायला हो म्हटलं. लोक हातांना हसतील, असं मृणालने त्यांना आधीच सांगून ठेवलं.

“हसू द्या की,” ते म्हणाले. “आमी दोघांनी केलंय ते.”

चित्र चादरीत गुंडाळून मृणालच्या गाडीत मागच्या सीटवर आडवं ठेवलं. परतीला मी पुढे बसले. जुन्या हायवेने तास-सव्वा तासात पुणं. 

प्रवासाचा हिशोब सांगायचा तर राहणं, खाणं आणि प्रवास मिळून दोन हजारांच्या आत झाला. तांदूळ वेगळा, आणि तो अप्रतिम आहे. तुंगार्लीच्या खोल्या दोन दिवस शांत बसायला चांगल्या आहेत. तिथे जाल तर फरशीवरचे ठिपके बघा, आणि पार्वतीमावशींची उसळ आवडली तर तसं मोठ्याने सांगा.

पेंटरचं घर मात्र प्रेक्षणीय स्थळ नाही, तेव्हा ते शोधत जाऊ नका. चित्र पुण्यातच पाहता येईल. आयोजकांनी बशीरभाईंना विचारलं होतं, चित्राखाली तुमचं नाव कसं लिहायचं? त्यांनी नावाचं काही सांगितलं नाही. आयुष्यभर पाट्या किती उंचीवर लावायच्या हे ठरवत आलेला माणूस. त्यांनी रुखसानाकडून एवढाच निरोप दिला की चित्र जरा खाली टांगा, म्हणजे बघणाऱ्याची नजर आधी हातांवर पडेल.

काल मृणालने भिंतीचा फोटो पाठवला. सगळी चित्रं एका ओळीत आहेत. एकच वीतभर खाली आहे.