फाटकावरची यादी

"ते सगळं ठीक हाय. पन कंपनी कोनती?" सावनेरच्या जिनिंग सोसायटीच्या अध्यक्षांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"आमचीच," मी म्हणाले. "मी आणि हा प्रकाश ढोके. धरमपेठेत ऑफिस आहे."

अध्यक्षांनी टेबलावरच्या दोन फ्लॉप्या बोटाने मागे सरकवल्या. "बाई, दोन मान्सांची कंपनी राह्यते का? उद्या तुमचं लगन झालं, याले सरकारी नोकरी लागली, तं मी कोनाले पकडू?"

प्रोग्राम साधा होता. कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, आली की तिला आल्या क्रमाने नंबर द्यायचा आणि वजनकाट्यावर जायची यादी मराठीत छापून फाटकावर लावायची. तोपर्यंत नंबर वहीत पेन्सिलने लिहीत. पेन्सिलनेच का, हे सावनेरात सगळ्यांना ठाऊक होतं. दोन दोन दिवस बंडीखाली झोपलेला माणूस बघत राही आणि संचालकांच्या सोयऱ्याची बंडी पुढे जाई. ते थांबावं म्हणूनच आम्ही प्रोग्राम लिहिला होता. प्रिंटरला मराठी येत नव्हतं. प्रकाशने एकेक अक्षर टिंबाटिंबांनी जोडून त्याला तीन महिन्यांत शिकवलं.

अध्यक्षांना मात्र एवढंच हवं होतं की तालुक्यातला पहिला कम्प्युटर त्यांचा असावा.

परतीच्या बसमध्ये प्रकाशने 'परिवारा'चा विषय काढला. दिल्लीची एक मोठी कंपनी कम्प्युटर विकायची. पण प्रोग्राम नसलेला कम्प्युटर म्हणजे महागडा पत्र्याचा डबा. म्हणून ती आमच्यासारख्या छोट्यांना गोळा करायची, त्यांचे प्रोग्राम आपल्या कॅटलॉगमध्ये छापायची आणि मशीनबरोबर विकायची. तिचा माल खपायचा, आम्हाला गिऱ्हाईक मिळायचं. अटी दोन. प्रोग्राम फक्त त्यांच्याच मशीनवर चालवायचा. आणि त्यांनी एकदा पास केला की परवानगीशिवाय त्यातली एक ओळही बदलायची नाही. याला ते परिवार म्हणत. वडिलांनी बोलायचं आणि बाकीच्यांनी ताटं घ्यायची, असल्या घरांना आपल्याकडे परिवारच म्हणतात.

"ही गुलामी आहे," मी म्हणाले आणि मक्तेदारी या विषयावर थेट कोराडीपर्यंत बोलले.

प्रकाशने सगळं ऐकून घेतलं. "झालं का वं तुयं भाषन? मंग सांग, प्रोग्राम कपाटात ठेवून कोनता कास्तकार आझाद होनार हाय?"

मी सही केली.

प्रोग्राम तपासायला दिल्लीहून मेहरा नावाचे अधिकारी आले. तपासणी कडक होती. प्रत्येक छापील पानावर कंपनीचं चिन्ह आहे का, हे त्यांनी पट्टीने मोजून पाहिलं. मॅन्युअलचं कव्हर निळं आहे याची खात्री केली. मग म्हणाले, "इसमें नंबर बदलने का ऑप्शन डालिए. सब सोसायटियाँ माँगती हैं."

"मग यादीला अर्थ काय राहिला?"

"मॅडम, ऑप्शन नहीं, तो कॅटलॉग नहीं."

करारपत्र टेबलावरच होतं. मी ते फाडायला उचललं. प्रकाशने ते माझ्या हातातून काढून घेतलं. "ऑप्शनच पाहिजे ना साहेब? टाकतो."

दोन दिवसांनी ऑप्शन तयार झाला. कुठलाही नंबर बदलता येत होता. फक्त नंबर बदललेल्या नावापुढे यादीत आपोआप छापून येत होतं: 'आधीचा नंबर अमुक. अध्यक्षांच्या आदेशावरून बदलला.'

"यह लाइन क्या है?" मेहरांनी विचारलं.

"रेकॉर्ड है साहब," प्रकाश म्हणाला.

"रेकॉर्ड अच्छी चीज़ है," असं म्हणून त्यांनी शिक्का मारला.

महिन्याभरात तोच प्रोग्राम निळ्या खोक्यातून सावनेरला पोहोचला. मशीन बसवायला आम्हीच गेलो. अध्यक्षांनी छापील पान उजेडात धरलं. "आता कसं! कंपनीची चीज वेगळीच राह्यते. अक्षरं पाहा. हे तुमच्याच्यानं झालं असतं का बाई?"

प्रकाशने प्रिंटरमध्ये पुढचा कागद लावला.

हंगाम सुरू झाला. चौथ्याच दिवशी अध्यक्षांच्या मेहुण्याची बंडी एकेचाळीसवरून दोन नंबरवर आली. यादी नेहमीप्रमाणे फाटकावर लागली. ज्याला वाचता येत होतं त्याने ती मोठ्याने वाचली, मग पुन्हा एकदा वाचली. दुपारी अध्यक्ष फाटकातून आत येत असताना एका म्हाताऱ्याने रांगेतूनच विचारलं, "काहून गा अध्यक्षसाहेब, साळ्याची बंडी उडून आली का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष धरमपेठेत हजर झाले.

"ते आदेशाची वळ काढा."

"आम्हाला नाही काढता येत," मी म्हणाले. "कंपनीने पास केलेला प्रोग्राम आहे. दिल्लीला अर्ज करा."

"लिवला तं तुमीच ना? निळ्या पुस्तकात नाव हाय तुमचं."

"दोन माणसांची कंपनी असते का साहेब?"

अध्यक्षांनी अर्ज मागवला. त्यासोबत संचालक मंडळाचा ठराव लागत होता आणि ओळ का काढायची याचं कारण ठरावात लिहावं लागत होतं. असं कारण लिहायला एकही संचालक तयार झाला नाही. त्या हंगामात नंबर पुन्हा बदलला गेला नाही.

छोटे लोक मोठ्यांच्या परिवारात का जातात, असं मला आता विचारतात. गिऱ्हाईक माणसाला ओळखत नाही, खोक्याला ओळखतं, म्हणून जातात. आत गेल्यावर दाराला कुलूप लागतं. आमच्या बाबतीत त्या कुलपात अध्यक्षही अडकले, एवढंच आमचं भाग्य.

यादीच्या मथळ्यातल्या 'क'च्या शेपटीचं एक टिंब सुटलेलं आहे. ते जागेवर बसवायला प्रकाशला पाच मिनिटं पुरतील. त्याचा अर्ज दोन वर्षांपासून दिल्लीत पडून आहे.